मुळा-मुठेचे शुद्धीकरण : क्षमता आणि वास्तव

पुणे : खडकवासला धरणातून उचललेले पाणी पुणेकरांच्या घरी पोहोचते आणि त्यातील सुमारे ऐंशी टक्के पाणी वापरानंतर मैलापाणी होऊन बाहेर पडते. या पाण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न केवळ शहरापुरता मर्यादित नाही. पिंपरी-चिंचवडमधून येणारी पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. मुळा व मुठा यांचा संगम शहराच्या मध्यभागी होतो. पुढे मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि हे पाणी उजनी जलाशयात जाते. सोलापूर शहराची तहान भागविण्यात उजनीचा मोठा वाटा आहे. पंढरपूरची चंद्रभागा हीदेखील भीमाच. त्यामुळे पुण्यातील नाल्याचा खालच्या गावांच्या पाण्याशी थेट संबंध येतो.

शुद्धीकरण कसे होते?

केंद्रात येणाऱ्या मैलापाण्यातील प्लास्टिक, चिंध्या आदी कचरा प्रथम जाळीत अडविला जातो. नंतर वाळू व जड गाळ खाली बसविला जातो. त्यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा असतो. टाक्यांमध्ये हवा सोडून जीवाणूंची वाढ केली जाते व हे जीवाणू पाण्यातील सेंद्रिय घाण खाऊन टाकतात. शेवटी गाळ वेगळा करून पाणी निर्जंतुक केले जाते. हवा पुरविणारी यंत्रे विजेवर चालतात. वीज खंडित झाल्यास किंवा देखभालीसाठी निधी अपुरा पडल्यास उभारलेले केंद्रही निरुपयोगी ठरते.

‘जायका’ योजना

शहरात पूर्वीपासून भैरोबा नाला, नायडू, एरंडवणे, विठ्ठलवाडी, बाणेर, खराडी आदी नऊ ठिकाणी शुद्धीकरण केंद्रे होती. त्यांची एकत्रित क्षमता दररोज ४७७ दशलक्ष लिटर होती. ती अपुरी पडू लागल्याने राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेंतर्गत ९९० कोटी २६ लाख रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला. जपानच्या ‘जायका’ संस्थेशी कर्जाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. खर्चाचा ८५ टक्के हिस्सा केंद्राचा, तर उर्वरित महापालिकेचा आहे. अकरा नवी केंद्रे, ३९६ दशलक्ष लिटरची वाढीव क्षमता आणि सुमारे ११३ किलोमीटरच्या मलवाहिन्या असे त्याचे स्वरूप आहे. मात्र, करारानंतर प्रत्यक्ष कामाचा ठेका देण्यास २०२२ साल उजाडले. तोवर शहराची हद्दच बदलली होती. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेत आली.

आकड्यांपलीकडचा प्रश्न

केंद्राची क्षमता म्हणजे प्रत्यक्ष शुद्धीकरण नव्हे. मैलापाणी केंद्रापर्यंत पोहोचलेच नाही, तर ते ओढ्या-नाल्यांतून थेट नदीत जाते. ज्या भागांत मलवाहिन्यांचे जाळे नाही, तेथे नवे केंद्र उभारूनही उपयोग नाही. म्हणूनच केंद्राइतकेच महत्त्व वाहिन्या जोडण्याला आहे.

दुसरी अडचण पाण्याच्या प्रवाहाची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार स्नानयोग्य पाण्यात जैविक ऑक्सिजन मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठीची मर्यादा याहून सैल आहे. उरलेले प्रदूषण नदीच्या वाहत्या पाण्यात विरळ व्हावे, अशी अपेक्षा असते. परंतु धरणाखाली पावसाळा वगळता मुठेला स्वतःचे पाणी जवळपास उरत नाही. त्यातच नेहमीच्या प्रक्रियेत नायट्रोजन व फॉस्फरस पूर्णपणे निघत नाहीत आणि त्यांवर जलपर्णी पोसली जाते.

प्रक्रिया केलेले पाणी शेती, बांधकाम व उद्यानांसाठी वापरणे हा त्यावरील एक उपाय आहे. मुंढव्याहून हे पाणी उचलून कालव्यात सोडण्याची योजना त्याच हेतूने आखण्यात आली.

प्रकल्पाचे यश किती कोटी खर्च झाले वा किती केंद्रे उभी राहिली, यावर ठरणार नाही. उन्हाळ्यात संगमाखालच्या पाण्यात किती प्राणवायू उरतो, यावरच ते ठरेल.