खेचरांची शिरगणती काय सांगते?

पशुगणनेच्या तक्त्यात गायी, म्हशी, शेळ्या, मेंढ्या यांचे मोठमोठे रकाने असतात. त्यांच्या मागे कुठेतरी एक लहानसा रकाना असतो, खेचरांचा. वर्गात लोकसंख्यावाढ शिकवताना आपण जन्म आणि मृत्यू यांचा हिशेब मांडतो. या रकान्याला मात्र तो हिशेब लागू पडत नाही.

खेचर म्हणजे नर गाढव आणि घोडी यांचे पिल्लू. उलट, घोडा आणि गाढवी यांच्या पिल्लाला इंग्रजीत हिनी म्हणतात. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या आकडेवारीत हे दोन्ही प्राणी एकाच रकान्यात मोजले जातात. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या ६२. खेचराच्या वाट्याला आईकडून ३२ आणि बापाकडून ३१, अशी ६३ येतात. जननपेशी तयार होताना त्यांच्या नीट जोड्या लागत नाहीत, म्हणून खेचराला सहसा पिल्लू होत नाही. याचा अर्थ असा, की प्रत्येक खेचर कोणीतरी ठरवून जन्माला घातलेले असते. त्यांची संख्या वाढली तर ती माणसाची गरज वाढली म्हणून. तेव्हा या आकड्यांचा इतिहास हा खरे तर ओझ्याचा आणि वाटांचा इतिहास आहे.

या इतिहासात खेचराला फारसे स्थान न मिळालेला एक प्रदेश आपल्याजवळच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातले बांदा तेरेखोल नदीच्या काठी वसलेले आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोझा याने त्याचा उल्लेख व्यापाराचे ठिकाण म्हणून केला. मीठ, नारळ, सुपारी वर घाटमाथ्यावर जायची आणि तिकडून धान्य खाली यायचे. मधला सह्याद्री चढायला रामघाटासारख्या वाटा होत्या. अशा चढावर खेचर उत्तम चालते. तरीही घाटवाटेवरचे नेहमीचे जनावर होते पाठीवर गोणी लादलेला बैल. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे अशा बैलांवरच माल नेत.

असे का झाले असावे? खेचर पैदा करायला घोड्या लागतात, आणि दमट, अतिपावसाच्या कोकणात घोड्यांची पैदास कधी रुजली नाही. बैल मात्र शेतकऱ्याच्या गोठ्यातच जन्मतो, वाटेवर चरतो आणि पेरणीच्या वेळी नांगरालाही जुंपता येतो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेंगुर्ल्याहून आंबोलीमार्गे बेळगावला गाडीरस्ता झाला आणि ओझे बैलाच्या पाठीवरून बैलगाडीत गेले. मग मोटार आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. म्हणजे बांद्याच्या मुलुखात पाठीवरच्या ओझ्याची जागा थेट चाकाने घेतली.

उत्तरेत वेगळे घडले. ब्रिटिश सैन्याला डोंगरी सरहद्दीवर तोफा आणि रसद न्यायची होती. त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंजाबात सरकारने नर गाढवे पुरवून खेचरांची पैदास वाढवली. फाळणीनंतर या पट्ट्याचा मोठा भाग पाकिस्तानात गेला.

आता स्वतंत्र भारताचे आकडे पाहू या. १९५१ मध्ये देशात सुमारे ६० हजार खेचरे होती, १९५६ मध्ये सुमारे ४० हजार. त्यानंतर चढ सुरू झाला. १९८२ मध्ये १ लाख ३० हजार आणि १९९७ मध्ये सुमारे २ लाख २० हजार. हीच वर्षे देशात रस्ते वाढण्याची आहेत! मग खेचरे कमी कशी झाली नाहीत? याचे एक उत्तर असे, की डोंगरात रस्ता आधी पायथ्यापर्यंत पोहोचतो. तिथे ट्रक भरभरून माल आणि माणसे येतात, आणि पुढची चढण जनावराच्या पाठीवर पडते. केदारनाथला मोटार गौरीकुंडाशी थांबते आणि तिथून खेचरे निघतात. रस्ता आणखी पुढे, थेट गावापर्यंत गेला, की मात्र खेचराचे काम संपते. आपल्याकडे माथेरानात मोटारींना बंदी असल्यामुळे घोड्यांचे काम टिकून राहिले, हे याच नियमाचे दुसरे टोक.

१९९७ नंतर आकडे घसरले. २००७ मध्ये १ लाख ३७ हजार, २०१२ मध्ये पुन्हा १ लाख ९६ हजार आणि २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत केवळ ८४ हजार. कोणी फक्त २००७ आणि २०१२ हीच दोन वर्षे निवडली, तर खेचरे ४३ टक्क्यांनी वाढली असे तो सांगेल. २०१२ आणि २०१९ घेणारा ५७ टक्के घट सांगेल. दोघांचेही गणित बरोबर, पण दीर्घकालीन कल दोघांनाही दिसलेला नाही. दोन बिंदूंवरून आलेख काढू नये, हे मुलांना पटवून द्यायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

आम्हाला खरी काळजी वाटते ती शेजारच्या रकान्यांची. १९५१ मध्ये देशात सुमारे १३ लाख गाढवे होती. २०१९ मध्ये ती १ लाख २० हजार उरली. घोडे आणि तट्टे १५ लाखांवरून ३ लाख ४० हजारांवर आली. जेजुरीला पौष पौर्णिमेला भरणारा गाढवांचा बाजार आपल्याला ठाऊक आहे. कुंभार, वडार, परीट यांच्या पोटापाण्याशी हे जनावर बांधलेले आहे. जगात तर गाढवाच्या कातड्यापासून बनणाऱ्या चिनी औषधासाठी इतकी कत्तल झाली, की २०२४ मध्ये आफ्रिकी राष्ट्रांच्या संघाने कातड्यांसाठी होणाऱ्या कत्तलीवर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. गाढव संपले तर खेचराची वाटही संपते, कारण ते स्वतःच्या वंशातून पुन्हा उभे राहू शकत नाही. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने खेचर पैदाशीसाठी फ्रान्समधली पॉइतू जातीची गाढवे पाळली आहेत, ती या दृष्टीने महत्त्वाची.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात झालेल्या लष्कर दिनाच्या संचलनात चार पायांचे यांत्रिक ‘म्यूल’ चालले. ‘म्यूल’ म्हणजे खेचरच. पशुगणनेत अर्थातच त्यांची नोंद होणार नाही.

शिक्षकांनी एक उपक्रम जरूर करून पाहावा. आपल्या गावात शंभर वर्षांपूर्वी मीठ कुठून व कशावर लादून येई, ती वाट कुठे आहे, आणि ओझे पाठीवरून चाकावर केव्हा गेले, हे मुलांनी वृद्धांना विचारून नोंदवावे. मग आपल्या जिल्ह्याच्या पशुगणनेतले बैल, घोडे, गाढवे आणि खेचरे यांचे आकडे त्याशेजारी मांडावेत. एखाद्या रकान्यात शून्य आले तर ते गाळू नये. बांद्याप्रमाणे त्या शून्यालाही कारण असते.