पडद्यावरची पत्रे: अरब चित्रफितींचा अपरिचित अध्याय

आजचा धागा इतिहासाच्या अशा साधनाविषयी आहे, ज्याला दप्तरखान्यात अजून फारसे स्थान मिळालेले नाही: कलावंताने स्वतःच्या हाताने घडवलेली छोटी चित्रफीत. प्रदेश लेबनॉन आणि पॅलेस्टाइन. काळ साधारण १९८८ ते २००५.

प्रारंभ एका आईच्या पत्रांपासून करू.

मोना हातूम यांची ‘मेझर्स ऑफ डिस्टन्स’ ही चित्रफीत १९८८ ची, अवघ्या १५ मिनिटांची. पडद्यावर प्रथम काही पुसट रंगाकृती दिसतात. हळूहळू उमगते की ही न्हाणीघरात स्नान करणारी एक प्रौढ स्त्री आहे. ती मोनाची आई. तिच्या प्रतिमेवर अरबी हस्ताक्षराच्या ओळी पसरलेल्या आहेत; ती तिनेच बैरुतहून लंडनला लेकीला लिहिलेली पत्रे. मागे दोघींच्या अरबी गप्पा आणि खळखळून हसणे ऐकू येते, आणि त्यावर लेकीचा संथ, उदास स्वर त्याच पत्रांचे इंग्रजी भाषांतर वाचत राहतो.

हे कुटुंब मूळचे हैफाचे. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनींना घरदार सोडावे लागले. अरबीत त्या घटनेला ‘नकबा’, म्हणजे महाअरिष्ट, म्हणतात. त्या लोंढ्यात हातूम कुटुंबही लेबनॉनमध्ये आले. मोनाचा जन्म १९५२ मध्ये बैरुतला झाला खरा, पण लेबनॉनचे ओळखपत्र त्यांना कधी मिळाले नाही. १९७५ मध्ये ती थोड्या दिवसांसाठी लंडनला गेली असता मागे यादवी पेटली आणि परतीची वाट बंद झाली. निर्वासितांच्या घरी जन्मलेली मुलगी स्वतःही निर्वासित झाली.

न्हाणीघरातली छायाचित्रे १९८१ मधल्या एका भेटीतली. वडिलांना तो प्रकार कळला तेव्हा ते संतापले, हेही आईच पत्रात कळवते, आणि तरीही ती छायाचित्रे वापरायला मुलीला संमती देते. आपण सामान्यतः निर्वासित स्त्री पाहतो ती बातमीतली: तंबूपुढे उभी, रडणारी, निनावी. इथली आई स्वतःच्या देहाविषयी, लग्नाविषयी आणि गमावलेल्या गावाविषयी मोकळेपणाने बोलते, चेष्टाही करते.

एक बारकावा मात्र सुटू देऊ नका. पत्रांतला अरबी मजकूर वाचता येत नसेल, तर त्या ओळी नुसता जाळीदार पडदा होतात. मोडी न येणाऱ्यापुढे मोडीतले पत्र ठेवावे, तशी आपली अवस्था होते: समोर सगळे आहे, पण आत शिरता येत नाही. पाश्चात्य प्रेक्षकाला हातूम यांनी हेतुतः त्या उंबऱ्यावर उभे केले आहे. भाषांतर ऐकू येते, परंतु मायलेकींचे हसणे भाषांतरित होत नाही. अखेरच्या पत्रात आई कळवते की जवळचे टपाल कार्यालय स्फोटात उद्ध्वस्त झाले आहे, आता पत्र धाडणे कठीण.

हे सारे चित्रपटातच का केले नाही? उत्तर बरेचसे व्यवहाराचे आहे. चित्रपटाला निर्माता, प्रयोगशाळा आणि भांडवल लागते. व्हिडिओला एक कॅमेरा आणि संकलनाचे यंत्र पुरे. कॅसेट पिशवीत टाकून सीमाही ओलांडता येते. घर, राज्य आणि पासपोर्ट यांपैकी काहीच भरवशाचे नसलेल्या माणसाला हे माध्यम सोयीचे होते. शिवाय ज्या दूरचित्रवाणीने जगाला अरब माणूस दाखवला, तिच्याच माध्यमातून तिला उत्तर देता येत होते.

ते उत्तर सर्वांत थेट दिले एलिया सुलेमान आणि जेस सलूम यांनी. सुलेमान नाझरेथचे, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये राहणारे. सलूम लेबनीज वंशाचे, कॅनडात जन्मलेले. पहिला इंतिफादा चालू असताना, १९९० मध्ये, त्यांनी ‘इंट्रोडक्शन टू द एंड ऑफ ॲन आर्ग्युमेंट’ ही चित्रफीत पूर्ण केली. तिच्यात स्वतः चित्रित केलेले थोडे. बाकी हॉलिवूडचे चित्रपट आणि बातमीपत्रे यांचे तुकडे एकमेकांवर आदळत जातात. तलवारी, उंट, नर्तकी, बंदूकधारी: दशकानुदशके तोच अरब. मला विचाराल तर ही कृती थोडी लांबली आहे. मुद्दा पहिल्या दहा मिनिटांतच ध्यानात येतो. पण पुरावा म्हणून ती विलक्षण आहे. एखाद्या समाजाची बदनामी एका खोट्या विधानाने होत नाही, सवयीने होते, आणि सवय दाखवायची तर रास घालावी लागते.

यापुढची पिढी अधिक अवघड प्रश्नाकडे वळली. लेबनॉनची यादवी १९९० मध्ये थांबली. १९९१ च्या कायद्याने युद्धकाळातल्या बहुतेक गुन्ह्यांना माफी मिळाली. हजारो बेपत्ता माणसांचा शोध तसाच राहिला आणि शाळेच्या पुस्तकात हे युद्ध कसे लिहावे यावर एकमत झाले नाही. खटला नाही, मान्य इतिहासही नाही. मग साधने कोण जमवणार?

वलीद राद यांनी ‘ॲटलस ग्रुप’ नावाचा संग्रह उभा केला. वह्या, छायाचित्रे, चित्रफिती, सारे क्रमांक घालून ठेवलेले. त्यातली २००१ ची ‘होस्टेज: द बशार टेप्स’ पाहा. १९८५ च्या सुमारास बैरुतमध्ये ओलीस धरलेल्या अमेरिकनांसाठी रेगन सरकारने इराणला गुपचूप शस्त्रे विकली, हे आपण जाणता. त्यांतले पाच जण काही काळ एकत्र कोंडलेले होते. पुढे पाचांनीही आठवणींची पुस्तके लिहिली. रादच्या चित्रफितीत सुहैल बशार नावाचा अरब सांगतो की त्याच कोठडीत मीही होतो. त्याने म्हणे ५३ फिती केल्या, पण लेबनॉनबाहेर १७ आणि ३१ या दोनच दाखवायच्या. माझे बोलणे इंग्रजीत स्त्रीच्या आवाजात ऐकवा, अशीही त्याची अट आहे.

असा कोणी सुहैल बशार नव्हता. ती भूमिका एका लेबनीज अभिनेत्याने केली आहे. बैरुतच्या प्रेक्षकाला तो चेहरा ओळखीचा. न्यूयॉर्कचा प्रेक्षक मात्र सारे खरे मानून बसतो.

इथे आपल्यापैकी अनेकांच्या भुवया उंचावतील. राजवाड्यांपासून आपण अस्सल कागद आणि बखर यांत भेद करायला शिकलो. मग ही तर उघड बनावट! परंतु राद फसवणुकीसाठी पुरावा रचत नाहीत. पाच पुस्तके उपलब्ध असूनही त्या प्रसंगाची अरबांच्या बाजूची एकही साक्ष जगाने कधी मागितली नाही, ही उणीव ते रचलेल्या साक्षीने दाखवतात. सहावा ओलीस खोटा आहे, पण त्याची रिकामी जागा खरी आहे.

अक्रम झातारी यांचा मार्ग उलट दिशेचा. १९९७ मध्ये बैरुतला अरब छायाचित्रांचा संग्रह उभारणाऱ्या संस्थापकांपैकी ते एक. त्यांना खरा कागद हवा असतो, प्रसंगी जमीन खणूनही. ‘इन धिस हाउस’ या २००५ च्या चित्रफितीची हकीकत अशी: सैदाजवळच्या ऐन अल-मीर गावातले एक कुटुंब युद्धामुळे घर सोडून गेले आणि ते घर लढवय्यांच्या एका तुकडीने ताब्यात घेतले. १९९१ मध्ये निघताना त्यांतल्या एकाने मालकांना पत्र लिहिले. आपण इथे का राहिलो ते सांगितले, परत येणाऱ्यांचे स्वागत केले, ते पत्र तोफगोळ्याच्या रिकाम्या नळकांड्यात घातले आणि बागेत पुरले.

नोव्हेंबर २००२ मध्ये झातारी कॅमेरा घेऊन तिथे गेले. पडद्याच्या एका भागात तो माजी लढवय्या बोलतो, दुसऱ्या भागात माळी खणत राहतो. बातमी लागताच सुरक्षा यंत्रणांची माणसेही हजर होतात. जमलेल्यांपैकी बहुतेकांना कॅमेऱ्यापुढे यायचे नसते. त्यामुळे आपल्याला दिसतो तो मुख्यतः खड्डा, आणि कानावर पडतात आजूबाजूचे आवाज. काही तरी चुकले असावे, इथे काहीच नसेल, असे वाटू लागते. खड्डा मोठा होत जातो. अखेर फावडे धातूवर आपटते. नळकांड्यातले पत्र शाबूत निघते, अकरा वर्षांनी.