यंत्राची साक्ष, बाईची साक्ष

देकार्तचा तो जुना दावा आपल्या परिचयाचा आहे: माझ्या मनात काय चाललंय ते मला थेट कळतं, इतरांना फक्त अंदाजानं. आज आपण हा दावा प्रयोगशाळेत नेणार आहोत. विषय आहे स्त्रियांच्या लैंगिक उत्तेजनेच्या मोजमापाचा. कोणाला थोडं अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या.

पहिलं मोठं काम अमेरिकेत, सेंट लुइसला झालं. विल्यम मास्टर्स हे स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि १९५७ पासून त्यांच्या जोडीला व्हर्जिनिया जॉन्सन. १९६६ साली त्यांचं पुस्तक आलं. ३८२ स्त्रिया आणि ३१२ पुरुष यांचं प्रत्यक्ष निरीक्षण त्यात होतं. हृदयाचे ठोके, रक्तदाब, श्वास, आणि पारदर्शक प्लास्टिकच्या साधनातून योनीच्या आतलं चित्रणसुद्धा. उत्तेजनेच्या वेळचा ओलावा ग्रंथींतून येतो असं तोवर समजलं जायचं. यांनी दाखवलं की तो योनीच्या भिंतीतूनच, घाम फुटावा तसा, पाझरतो. मोठाच शोध. पण अभ्यासात घेतलेल्या स्त्रिया कामतृप्तीचा अनुभव असलेल्या, म्हणजे मुळातच निवडलेल्या होत्या. लिओनोर टीफर यांनी पुढे यावर बोट ठेवलं, आणि ते रास्तच होतं. जिचं शरीर एक सांगतं आणि मन दुसरंच, अशी स्त्री या दारातून आत येण्याची शक्यता कमीच.

ती आत आली सत्तरच्या दशकात, एका छोट्या नळीमुळे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक इथे जेम्स गीअर आणि सहकाऱ्यांनी योनीत ठेवण्याचा फोटोप्लेथिस्मोग्राफ तयार केला. नाव जड आहे, वस्तू साधी आहे. करोनात घरोघरी आलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आठवा, साधारण तेच तत्त्व. बोटाएवढी पारदर्शक नळी, आत एक दिवा आणि प्रकाश टिपणारा घट. भिंतीत रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश बदलतो, आणि दर ठोक्याला तो किती हलतो हे कागदावर उमटतं. नळी ती स्त्री स्वतःच, एकांतात बसवते. तपासणारा खोलीत नसतो, हा मास्टर्सपेक्षा केवढा फरक!

एक मात्र ध्यानात ठेवा. या यंत्राला शून्य नाही. तापमापीला जसे अंश असतात तसं इथे काही नाही, फक्त विद्युतदाबाचा चढउतार. म्हणून ‘अमकी तमकीपेक्षा जास्त उत्तेजित’ असं या आकड्यावरून म्हणता येत नाही. पुरुषांसाठी शिश्नाभोवती बसणारं कडं वापरतात, ते परीघ मिलिमीटरमध्ये सांगतं. दोन्हींची तुलना करताना हे विसरलं जातं.

याच विद्यापीठात ज्युलिया हायमन यांनी विद्यार्थ्यांना ध्वनिफिती ऐकवल्या, काही निव्वळ प्रेमाच्या, काही उघड कामुक. स्त्रियांना प्रेमकथा भावतात, कामुक वर्णनं नाहीत, हा समज तिथे कोसळला. कामुक फितींना त्यांच्या शरीरानं स्पष्ट प्रतिसाद दिला. पण काही स्त्रिया यंत्र ‘हो’ म्हणत असताना ‘मला काहीच वाटलं नाही’ असं सांगत होत्या. १९९४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एलेन लान यांनी पुरुषानं बनवलेली आणि स्त्रीनं बनवलेली कामुक चित्रफीत दाखवली. शरीराचा प्रतिसाद जवळपास सारखाच. अनुभव मात्र वेगळा: स्त्रीनं बनवलेल्या फितीनं त्या कितीतरी जास्त उत्तेजित झाल्या, असं त्यांनी सांगितलं. २०१० साली मेरेडिथ चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी १३२ अभ्यास एकत्र तपासले. शरीर आणि सांगणं यांचा सहसंबंध पुरुषांत ०.६६, स्त्रियांत ०.२६.

मग खरं कोण बोलतंय? ‘बाई लाजते, यंत्र लाजत नाही’ हे उत्तर फार चटकन दिलं जातं. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ते पटत नाही. ‘उत्तेजना’ या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबल्या आहेत, रक्ताचं वाढणं आणि हवंसं वाटणं. यातली खरी कुठली, हे यंत्र सांगूच शकत नाही, कारण आधी आपण ठरवतो आणि मग यंत्र लावतो. आणि यंत्र बदललं की दरीही बदलते. २००७ मध्ये मॉन्ट्रिअलच्या मॅगिल विद्यापीठात उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं मोजलं, तेव्हा स्त्रियांचं सांगणं आणि तापमान बऱ्यापैकी जुळलं.

हा वाद पुस्तकी नाही. फायझर कंपनीनं सुमारे ३,००० स्त्रियांवर व्हायग्रा तपासून २००४ मध्ये तो नाद सोडला. रक्त वाढवणं म्हणजे इच्छा वाढवणं नव्हे, हे मान्य करायला आठ वर्षं लागली. त्याच वर्षी रॉय लेव्हिन आणि विली व्हॅन बेर्लो यांनी बळजबरीच्या संभोगात शरीरानं दिलेल्या प्रतिसादाविषयीचं संशोधन पडताळून पाहिलं. योनी ओलावते, कधी कामतृप्तीसुद्धा घडते, आणि तरी त्यातून संमती सिद्ध होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. ‘तिच्या शरीरानं साथ दिली’ हा आरोपीचा बचाव त्यानंतर वैद्यकाच्या आधारानं मांडता येत नाही. आणि जिच्यावर अत्याचार झाला, ती स्वतःच्या शरीरावर ‘फितूर’ म्हणून चिडलेली असते. तिला डॉक्टर हे समजावून सांगू शकतात.

आता प्रश्न घेऊ या. मागे बसलेल्या बाईंचा हात केव्हाचा वर आहे.