बँडला कागद लागतो : ‘वंदे मातरम्’, मास्तर कृष्णराव आणि राष्ट्रगीताची धून

१/
प्रजासत्ताकदिनाच्या सकाळी बोर्डी, घोलवड, डहाणू, तलासरी या पट्ट्यातल्या कोणत्याही शाळेच्या मैदानावर उभे राहावे. ध्वज फडकतो आणि पुढची सुमारे ५२ सेकंदे सारे मैदान निश्चल असते. ती धून आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती दुसरी कोणती असू शकली असती, हे मनातही येत नाही. पण १९४७ ते १९५० या काळात हा प्रश्न खरोखरच खुला होता. त्याच्या उत्तरात कवी, पुढारी आणि इतिहास यांच्याइतकाच वाटा एका अनपेक्षित गोष्टीचा होता : फुंकवाद्यांच्या बँडचा. आजचा थ्रेड त्याविषयी, आणि त्या प्रश्नासाठी दिल्लीपर्यंत धडकलेल्या एका मराठी गवयाविषयी.

२/
आरंभ मात्र बोर्डीच्या आसपासच्याच एका फुंकवाद्यापासून करू. तारपा. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. भाताच्या हंगामात वारली पाड्यांवर तारपा घुमू लागतो. वादक श्वास न तोडता वाजवत राहतो आणि हातात हात गुंफलेली माणसे त्याच्यामागून फिरतात. तो वळला की साखळी वळते, त्याने चाल बदलली की पावले बदलतात. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे हे नाचाचे वेटोळे जगभर पोचले.

३/
तारपावादक एकाच वेळी वाद्यवृंदही असतो आणि त्याचा संचालकही. त्याला कागद लागत नाही. चाल बापाकडून किंवा शेजाऱ्याकडून कानाने आलेली असते. आता याच्या शेजारी तीस-चाळीस माणसांचे लष्करी बँडपथक उभे करा. क्लॅरिनेट, कॉर्नेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, ढोल. प्रत्येकाचा भाग निराळा. काही वाद्यांचा लिहिलेला ‘सा’ आणि वाजणारा ‘सा’सुद्धा निराळा. असे पथक कानावर चालत नाही. प्रत्येकासमोर त्याचा लिहिलेला कागद हवा. ज्या गाण्याचा कागद नाही, ते गाणे बँडच्या दृष्टीने जगात नाही. हे सूत्र लक्षात ठेवा. पुढची सगळी कथा त्यावर फिरते.

४/
आपल्याकडे असे बँड इंग्रजी पलटणींबरोबर आले आणि येताना आपले कागदही घेऊन आले : संचलनाच्या धुनी, चर्चमधील स्तोत्रे आणि अर्थातच ‘गॉड सेव्ह द किंग’. संस्थानिकांनी हौसेने बँड ठेवले, तरी वाजायचे बहुतांशी तेच. भारतीय रागसंगीत कागदावर उतरवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. बडोद्यात मौलाबक्ष यांच्या पुढाकाराने १८८६ मध्ये गायनशाळा निघाली आणि तिथे स्वरलिपीवर भर दिला गेला. पुढे मैहरमध्ये अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी अनाथ मुलांना हाताशी धरून वाद्यवृंद उभारला, बंदुकीच्या नळ्यांचे ‘नलतरंग’ बनवले. पण हे अपवाद. सैन्याच्या आणि पोलिसांच्या बँडचा संग्रह शेवटपर्यंत परकाच राहिला.

५/
याच काळात ‘वंदे मातरम्’ मात्र बँडशिवाय वाढत होते. बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’ (१८८२) मधील हे गीत १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी गायिले. वंगभंगानंतर ते गीत कमी आणि घोषणा जास्त झाले. आपल्या पालघरचाच दाखला घ्या. १४ ऑगस्ट १९४२ रोजी तिथे मोर्च्यावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. अशा मोर्च्यांपुढे कोणता बँड चालणार होता? सरकारी बँड तर बंदुकीच्या बाजूला उभा. ‘वंदे मातरम्’ लोकांच्या घशात होते, कागदावर नव्हते.

६/
हीच त्याची ताकद होती आणि हीच पुढे अडचण ठरली. एकच ठाम चाल त्याला नव्हती. रवींद्रनाथांची चाल देस रागातली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर ते काफीत गात. ठिकठिकाणचे गवई आपापल्या पद्धतीने गात आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. रागसंगीतात हे स्वाभाविकच आहे. एकच पद दहा जण दहा प्रकारे गातात. बँडमास्तरला मात्र दहा चाली नको असतात. त्याला एकच हवी आणि तीही मात्रेपर्यंत पक्की.

७/
१४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री संविधान सभेच्या ऐतिहासिक बैठकीचा आरंभ सुचेता कृपलानी यांनी गायिलेल्या ‘वंदे मातरम्’ने झाला. शेवटी ‘सारे जहाँ से अच्छा’ आणि ‘जन गण मन’ यांची पहिली कडवी झाली. १५ ऑगस्टच्या सकाळी आकाशवाणीवर पंडित ओंकारनाथ ठाकूर यांनी संपूर्ण ‘वंदे मातरम्’ गायिले. ऐकणाऱ्याला वाटले असेल की प्रश्न मिटला. पण ही सारी गायनाची उदाहरणे आहेत.

८/
वाजवायचे काय, हा प्रश्न त्याच दिवशी उभा राहिला. ध्वजाला मानवंदना देताना सैन्याच्या बँडने काय वाजवावे? परदेशातील भारतीय वकिलातीत, आपल्या पंतप्रधानांच्या स्वागताला, परक्या देशाच्या बँडने काय वाजवावे? ‘गॉड सेव्ह द किंग’ वाजवणे आता शोभणारे नव्हते. पण त्याच्या जागी ठेवायला संग्रहात दुसरा कागदच नव्हता. स्वातंत्र्य मिळाले, बँडच्या स्टँडवरचे पान कोरे.

९/
त्यातून एक प्रसंग घडला. नेहरूंनी तो पुढे २५ ऑगस्ट १९४८ रोजी संविधान सभेत सांगितला. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी तिथल्या वाद्यवृंदासाठी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. शिष्टमंडळापाशी ‘जन गण मन’ची एक ध्वनिमुद्रिका होती. तीच देण्यात आली. वाद्यवृंदाने ती ऐकून सराव केला आणि मोठ्या मेळाव्यात वाजवली. ती अतिशय आवडली. अनेक देशांच्या प्रतिनिधींनी स्वरलेखन मागितले. ते वादन ध्वनिमुद्रित होऊन भारतात आले. मग सैन्याचे बँड ती धून वाजवू लागले आणि वकिलातीही.

१०/
हा योगायोग म्हणावा का? माझ्या मते अर्धाच. १९११ मध्ये कलकत्ता काँग्रेसमध्ये प्रथम गायिलेल्या ‘जन गण मन’ची पाश्चात्त्य स्वरलिपी १९१९ मध्येच मदनपल्लीला तयार झाली होती. रवींद्रनाथ तिथे मुक्कामाला असताना मार्गारेट कझिन्स या आयरिश संगीतज्ञ बाईंनी ती केली. ११ सप्टेंबर १९४२ रोजी हॅम्बुर्गमध्ये सुभाषबाबूंच्या उपस्थितीत एका जर्मन वाद्यवृंदाने ती धून वाजवली. आझाद हिंद सेनेत कॅप्टन रामसिंग ठाकुरी यांनी त्याच चालीवरचे ‘शुभ सुख चैन’ बसवले. म्हणजे १९४७ पूर्वीच हे गीत परक्या वाद्यांवर चढून उतरले होते. ‘वंदे मातरम्’ला असा प्रवास घडला नव्हता.

११/
नेहरूंच्या त्या निवेदनाचा आशय असा : ‘वंदे मातरम्’ हे निर्विवादपणे देशाचे अग्रगण्य राष्ट्रीय गीत आहे, पण त्याची चाल करुण आणि पुनरावृत्तीची असून वाद्यवृंदाला किंवा बँडला सोयीची नाही आणि परदेशी माणसाला ती संगीत म्हणून भावणे कठीण. प्रांतांची मते मागवून मंत्रिमंडळाने तात्पुरती निवड ‘जन गण मन’ची केली होती. अंतिम निर्णय संविधान सभेचा. म्हणजे दार अजून किलकिले होते.

१२/
त्या दाराशी उभे राहिले मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर. जन्म १८९८, आळंदी. भास्करबुवा बखले यांचे शिष्य. गंधर्व नाटक मंडळीतले गायकनट आणि संगीतकार. पुढे प्रभातच्या ‘धर्मात्मा’, ‘अमरज्योती’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या चित्रपटांचे संगीतदिग्दर्शक. ख्यालाची बैठक, नाटकाचे पद आणि चित्रपटाचा वाद्यमेळ, या तिन्ही ठिकाणी त्यांचा हात चालत असे. ‘वंदे मातरम्’ त्यांनी झिंझोटीत बांधले होते आणि ते त्यांच्या मैफलींत गात. (‘मास्तर’ ही पदवी पुढे बँडमास्तरांशी चर्चा करताना उपयोगी पडली असेल का, हा माझा फावल्या वेळचा विचार.)

१३/
झिंझोटीची निवड विचारपूर्वक होती असे मला वाटते. खमाज थाटाचा हा राग मंद्र आणि मध्य सप्तकांतच रमतो. फार उंच जावे लागत नाही, म्हणून सामान्य गळ्याच्या शेकडो माणसांना एकत्र गाता येतो. सरळ आणि ओळखीचा आहे, म्हणून खटके-मुरक्या काढून टाकल्या तरी त्याचा चेहरा हरवत नाही. बँडसाठी नेमके हेच हवे. वाल्व्हच्या ट्रम्पेटवर मींड निघत नाही. स्वर एकेक सुटा वाजतो. वादकाला श्वासासाठी ठरलेली जागा लागते. शिवाय राग एका ओळीत वाहतो, तर बँडमध्ये खालच्या वाद्यांना काहीतरी काम द्यावेच लागते. तिथे रागाला परके स्वर शिरले की चाल बिघडते आणि काही दिलेच नाही तर बँड पोकळ वाजतो. आणि सगळे आटपायचे साधारण एका मिनिटात, कारण तोवर पलटण सलामीत उभी असते.

१४/
आक्षेप भावनेने खोडण्याऐवजी मास्तरांनी तो वाजवून खोडायचे ठरवले. मुंबईतील पाश्चात्त्य बँडच्या जाणकारांची मदत घेऊन त्यांनी आपल्या चालीचे स्टाफ नोटेशन करून घेतले, समूहगानाला आणि संचलनाला योग्य अशी तिची रूपे सिद्ध केली, आणि दिल्लीला जाऊन नेहरूंसमोर व संविधान सभेच्या सदस्यांसमोर प्रात्यक्षिके दिली. एका ख्यालगायकाने बँडच्या कागदासाठी असे झिजावे, याचे मला आजही अप्रूप वाटते. आपल्या संगीतपरंपरेत लिहिलेल्या स्वरांकडे संशयाने पाहण्याची जुनी सवय आहे. मास्तरांनी तो कमीपणा मानला नाही.

१५/
२४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी निवेदन केले : ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत, स्वातंत्र्यलढ्यातील ऐतिहासिक भूमिकेमुळे ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान आणि समान दर्जा. त्यावर मतदान झाले नाही. मास्तरांची वाजू शकणारी चाल तयार होती, पण तोवर देशातले बँड आणि परदेशातल्या वकिलाती ‘जन गण मन’ला सरावल्या होत्या.

१६/
इथे एक सावधगिरी. केवळ बँडमुळे निर्णय झाला असे म्हणणे म्हणजे इतिहासाला चिमटीत पकडणे होईल. ‘वंदे मातरम्’च्या पुढच्या कडव्यांतील देवीस्तुतीवर मुस्लिम नेत्यांचे आक्षेप होते, १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष महंमद अलींचा विरोध असताना पलुसकरांनी ते गायिले होते, १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने पहिली दोनच कडवी गायची असे ठरवले होते. हे सारे १९४८ च्या पार्श्वभूमीला होतेच. बँडचे कारण हा निव्वळ आडपडदा होता, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. नव्या राष्ट्राला रोज कुठे ना कुठे सलामी द्यावी लागत होती आणि ती गरज खरी होती. पण बँडच्या गैरसोयीचे जे कारण दिले गेले, ते निदान झिंझोटीच्या चालीला लागू नव्हते, हेही तितकेच खरे.

१७/
मास्तर कटू झाले नाहीत. १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी बुद्धवंदनेला स्वरसाज दिला. १९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि १९७४ मध्ये ते गेले.

१८/
सैन्याच्या बँडच्या संग्रहाचे काय झाले? इंग्रज पलटणींची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखालून ‘ऑल्ड लँग साइन’च्या सुरांवर निघून गेली, त्यांचे कागद मात्र इथेच राहिले. १९५० मध्ये पचमढीला लष्करी संगीताचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली आणि भारतीय धुनी हळूहळू बँडसाठी लिहिल्या जाऊ लागल्या. तरी २९ जानेवारीच्या ‘बीटिंग रिट्रीट’मध्ये ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती स्तोत्र दशकानुदशके वाजत राहिले. २०२२ मध्ये ते वगळले गेले आणि ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आले. त्यावर वाद झाले. त्या गोंगाटात हे फारसे कुणी बोलले नाही की त्या गीताचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर.

१९/
आणि ‘वंदे मातरम्’? १९९२ पासून संसदेच्या अधिवेशनाचा प्रारंभ ‘जन गण मन’ने आणि सांगता ‘वंदे मातरम्’ने होऊ लागली. ती सांगता गाऊन नव्हे, वाद्यांवर वाजवलेल्या धुनीने होत आली आहे.