पत्त्यांची वाटणी : संगणकजाळ्यांच्या क्रमांकांचा इतिहास

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु जमिनीची मोजणी कोणी केली, वाटे कसे पाडले, हद्दीचे दगड कोठे रोवले, यालाही इतिहास असतो. आणि सामान्य माणसाच्या जीवनावर त्याचाच परिणाम अधिक काळ टिकतो. आज आपण अशाच एका मोजणीचा विचार करणार आहोत. ही जमीन डोळ्यांना दिसत नाही. ती केवळ अंकांची आहे. पण एखाद्या लहानशा कंपनीला आपल्या कचेरीतील संगणक एकमेकांना जोडायचे झाले, तर पहिला प्रश्न याच जमिनीचा येतो : कोणत्या यंत्राला कोणता क्रमांक द्यायचा आणि हद्द कोठे घालायची?

पत्ता अंकांत मांडण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या टपाल खात्याने पिनकोड सुरू केला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे नामवंत कवीही होते. सहा अंकांपैकी पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन टपाल कचेरी दाखवितात. म्हणजे क्रमांकाचा डावा भाग ‘कोणत्या मुलखात’ हे सांगतो आणि उजवा भाग ‘तेथे कोठे’ हे सांगतो. संगणकाच्या पत्त्याचे तत्त्वही नेमके हेच आहे. फरक एवढाच, की पिनकोडात दोन भागांमधली रेघ कायमची आखलेली आहे. संगणकाच्या पत्त्यात ही रेघ कोठे असावी, यावर अनेक वर्षे खल झाला. तो खल हाच आपला विषय होय.

अमेरिकेतील ‘आर्पानेट’ या जाळ्यावरून पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे गेला. त्या वेळी पत्ता होता अवघ्या आठ द्विमान अंकांचा, म्हणजे शून्य आणि एक यांच्या आठ जागांचा. सहा जागा संदेश पुढे धाडणाऱ्या यंत्रासाठी आणि दोन त्याला जोडलेल्या संगणकासाठी. चौसष्ट ठाणी आणि प्रत्येक ठाण्यावर चार संगणक. मूठभर संस्थांच्या प्रयोगाला हे पुष्कळ वाटले. १९७४ मध्ये व्हिन्टन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी निरनिराळी जाळी परस्परांना जोडण्याची पद्धत मांडली, तेव्हा २५६ जाळ्यांपुरती सोय नजीकच्या भविष्याला पुरेल, असा त्यांचा अंदाज होता. या दोघांच्या बुद्धीविषयी कोणी शंका घेणार नाही. पण वाडा बांधणाऱ्याला आपल्या पणतवंडांची संख्या ठाऊक नसते.

सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादिलेल्या नियमांनी पत्त्याची लांबी बत्तीस जागांची ठरविली. त्यातून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. वाचण्याच्या सोयीसाठी ते चार अंकांत, मध्ये टिंबे देऊन लिहितात. या पत्त्यांचे मुख्यतः तीन वर्ग केले. पहिल्या वर्गाच्या एका जाळ्यात १,६७,७७,२१४ यंत्रे मावत, दुसऱ्यात ६५,५३४ आणि तिसऱ्यात केवळ २५४. या वाटणीचे वैगुण्य तुमच्या ध्यानात आलेच असेल. ज्या संस्थेकडे तीनशे संगणक होते, तिला तिसरा वर्ग अपुरा पडे; म्हणून ती दुसरा वर्ग मागे आणि पासष्ट हजारांहून अधिक पत्ते पडीक राहत. चार माणसांच्या बिऱ्हाडाला एकतर खोली नाहीतर अख्खी पेठ, अशी ही व्यवस्था होती.

पहिली अडचण विद्यापीठांना जाणवली. प्रत्येक विभागाने आपापली तार टाकून स्वतःचे छोटे जाळे उभारले होते. सगळी यंत्रे एकाच जाळ्यात कोंबावीत, तर ‘अमुक पत्ता कोणाचा?’ अशी एकाने घातलेली साद सर्वांना ऐकावी लागे आणि गलबला वाढे. प्रत्येक विभागासाठी वेगळा क्रमांक मागावा, तर जगातील प्रत्येक मोठ्या राउटरला त्याची नोंद ठेवावी लागे. स्टॅनफर्डच्या जेफ्री मोगल यांनी ऑक्टोबर १९८४ मध्ये उपजाळ्यांची कल्पना टिपणाच्या रूपाने मांडली, आणि ऑगस्ट १९८५ मध्ये मोगल व पोस्टेल यांनी तिचा नियम केला. बाहेरच्या जगाला एकच क्रमांक दिसावा, आतील वाटणी ज्याची त्याने करावी. रेघ कोठे आहे, हे सांगण्यासाठी पत्त्याबरोबर एक ‘मास्क’ ठेवावा. घराच्या आत भिंती कोठे घालायच्या हे नगरपालिकेला विचारावे लागू नये, असाच हा विचार होता.

सप्टेंबर १९९३ मध्ये हीच मोकळीक घराबाहेरही आली. वर्गांची भिंत काढून टाकली आणि गरजेप्रमाणे लहानमोठे तुकडे देता येऊ लागले. तीनशे संगणकांच्या संस्थेचे काम आता ५१० पत्त्यांत भागू लागले. तरीही जमीन संपणार हे दिसतच होते. म्हणून १९९४ च्या मार्चमध्ये, आणि अंतिम रूपात फेब्रुवारी १९९६ मध्ये, काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवले. दहापासून सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे, हे कोणीही आपल्या कचेरीत वापरावेत. मात्र ते बाहेर चालणार नाहीत. यांतला दहा हा क्रमांक १९९० मध्ये बंद झालेल्या त्या जुन्या आर्पानेटचाच होता! दाराशी बसलेला राउटर आतील पत्ता बदलून आपला सार्वजनिक पत्ता लावतो, ही युक्तीही १९९४ चीच.

या युक्तीने वेळ निभावली, पण तिची किंमत मोजावी लागली. आतला माणूस बाहेर बोलू शकतो. बाहेरच्याला मात्र आतल्या यंत्राला थेट हाक मारता येत नाही. जाळ्यातील सर्व यंत्रे समान, हे मूळ तत्त्व तेथे मोडले. शिवाय वाटणी आधी येणाऱ्याला झुकते माप देणारी ठरली. स्टॅनफर्डकडे पहिल्या वर्गाचा एक संपूर्ण गट होता. तो त्या विद्यापीठाने २००० मध्ये परत केला, हे त्याला भूषणावह आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले, तेव्हा मोठे वाटे दिले जाऊन गेले होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातील शेवटचे पाच गट वाटले गेले. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून आपल्या आशिया-प्रशांत विभागात नव्या सभासदाला फार तर १,०२४ पत्ते मिळू लागले.

आता आपल्या लहान कंपनीकडे वळू. समजा, चाळीस माणसे आहेत. १९२.१६८.१० या गटात २५६ पत्ते आहेत. चार समान वाटे केले तर प्रत्येकी चौसष्ट. त्यांतला पहिला जाळ्याच्या नावाचा, शेवटचा सर्वांना साद घालण्याचा, म्हणजे वापरायला बासष्ट. चाळीस माणसांना बासष्ट पुरतील असे वाटते. पण प्रत्येकाजवळ एक संगणक आणि एक फोन धरला की ऐंशी होतात, आणि वाटणी पहिल्याच दिवशी मोडते! म्हणून वाटे विषम करावेत : कर्मचाऱ्यांना अर्धा गट, म्हणजे १२६, पाहुण्यांना ६२, सर्व्हरांना ३०, छपाईयंत्रे व कॅमेरे यांना ३०.

पण याहूनही शहाणपणाचे म्हणजे दहाच्या गटातून प्रत्येक कामाला २५४ पत्त्यांचे एकेक सबंध उपजाळे देणे. सार्वजनिक पत्त्यांची टंचाई आहे; खाजगी पत्त्यांची नाही. दुष्काळात लागलेली काटकसर सुकाळात चालू ठेवणे हे व्यवहारज्ञान नव्हे. मात्र १९२.१६८.१ यासारखा घरोघरी आढळणारा क्रमांक टाळावा. एखादा कर्मचारी घरून कचेरीच्या जाळ्याशी जोडला गेला आणि दोन्हीकडे तोच क्रमांक निघाला, तर यंत्राला घर कोणते आणि कचेरी कोणती हे उमगत नाही. दोन कंपन्या एकत्र झाल्या तरी हीच गत होते. या घोटाळ्याचा इशारा १९९४ मध्येच काही तज्ज्ञांनी दिला होता.

सर्व्हरांचे पत्ते कायमचे असावेत. कर्मचाऱ्यांच्या यंत्रांना ते भाडेपट्ट्याने, ठरावीक मुदतीपुरते, आपोआप मिळावेत. आणि सर्व्हरला क्रमांकाने नव्हे, नावाने हाक मारावी. १९८३ मध्ये पॉल मॉकपेट्रिस यांनी नावांची पद्धत आखली, तिचा हाच लाभ आहे : यंत्र बदलले, पत्ता बदलला, तरी नाव टिकते. बाहेरच्यांना ज्या सर्व्हरशी काम पडते, तो हिशेबाच्या सर्व्हरशेजारी ठेवू नये. ओसरी आणि माजघर वेगळे असण्याचे कारण आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. परंतु नुसत्या भिंतीने रक्षण होत नाही. दोन उपजाळ्यांमधल्या राउटरवर कोणी कोठे जावे याचे नियम घातले नाहीत, तर सारी दारे सताड उघडीच राहतात.

डिसेंबर १९९५ मध्ये १२८ जागांचा नवा पत्ता मांडला गेला आणि आज आपल्या देशातील मोबाइल जाळी तो मोठ्या प्रमाणावर वापरीत आहेत. त्यात जमिनीची चिंता उरत नाही. पण विचारपूर्वक वाटणीची गरज उरतेच. जॉन पोस्टेल यांनी १९७० च्या दशकापासून १९९८ मध्ये निधन होईपर्यंत या क्रमांकांची नोंद सांभाळली. कोणता क्रमांक कोणाला दिला, हे लिहून ठेवणारा एक निःस्पृह माणूस होता, म्हणून एवढे मोठे जाळे एकसंध राहिले. लहान कंपनीनेही पहिली तार ओढण्यापूर्वी एक वही घालावी : उपजाळे कोणते, कशासाठी, त्यात कोणते सर्व्हर, वाढीसाठी जागा किती. यंत्रे पाच-सात वर्षांत भंगारात जातात. पत्त्यांची वाटणी मात्र ती करणारा माणूस नोकरी सोडून गेल्यावरही अनेक वर्षे तशीच चालू राहते, आणि तिची कारणे मागाहून येणाऱ्याला त्या वहीतच सापडतात.