ठासणीची बंदूक, हरिणांची शिकार आणि पीकरक्षण : सेलू परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

वर्धा जिल्ह्यातील सेलूहून हिंगणी गाव ओलांडले की बोर नदीच्या खोऱ्यातील जंगल सुरू होते. या जंगलास १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला व २०१४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. चितळ, सांबर, भेकर, रोही आणि रानडुक्कर यांचा येथे वावर आहे. जंगलाच्या कडेलाच ज्वारी, तूर, कापूस, हरभरा आणि अलीकडच्या काळात सोयाबीन ही पिके उभी असतात. मध्य प्रांतातील शिकारीचा इतिहास आजवर प्रामुख्याने गोऱ्या अधिकाऱ्यांच्या ग्रंथांवरून लिहिला गेला. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचा १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेला मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्या लेखनात गावातील बंदूक क्वचितच दिसते व दिसली तरी उपहासाचा विषय म्हणून. वस्तुतः साहेबाच्या रायफलीपेक्षा या साध्या बंदुकीचा इतिहास शेतीच्या इतिहासाशी अधिक निगडित आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. गावातील ठासणीची बंदूक, जिला विदर्भात भरमार बंदूक असेही म्हणतात, बहुतेक वेळा गुळगुळीत नळीची असे. ब्रिटिश फौजेची १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल हीही तोंडाकडूनच भरली जाई. तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांमुळे १८५७ मध्ये काय घडले हे सर्वज्ञात आहे. पुढील दोन दशकांत फौजेने मागून भरावयाच्या रायफली स्वीकारल्या. खेड्यात मात्र ठासणीची बंदूक शतकभराहून अधिक काळ टिकली.

हंगामापूर्वीची सिद्धता

ही बंदूक चार महिन्यांच्या पावसाळ्यानंतर बाहेर काढली की प्रथम एकच गोष्ट पाहावी लागे : आत जुना बार शिल्लक आहे काय? त्यासाठी गज नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करीत व तोच गज बाहेरून नळीस लावून पाहत. खूण चार बोटे कमी भरली तर आत दारू व छर्रे आहेत असे समजावे. ही साधी तपासणी न केल्याने अपघात घडत.

त्यानंतर स्वच्छता. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण. त्यात साधारणपणे सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० असे शेकडा प्रमाण असते. ही दारू जळाल्यावर निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने मागे उरतो. त्यातील क्षार हवेतील ओलावा शोषतात आणि लोखंड खातात. विदर्भातील श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत न धुतलेली नळी आश्विनापर्यंत आतून खरवडलेली निघे. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून कढत पाण्यानेच नळी धुवावी लागे. पाणी कढत असल्याने नळी तापे व लवकर कोरडी होई. मग तेलाचा बोळा फिरवीत. जवसाचे तेल लाकडी दस्त्यास उत्तम असले तरी लोखंडास उपयोगी नाही, कारण ते वाळून चिकट थर धरते. ज्या भागात जवस घरोघरी होता तेथे हा विवेक महत्त्वाचा होता.

टोपीच्या बंदुकीत घोड्याखाली एक लहान पोकळ खुंटी असते. तिच्यावर तांब्याची टोपी बसवितात. तिचे छिद्र सुईने मोकळे करणे आणि नळीतील तेल पुसून काढणे ही शेवटची कामे. तेलाचा अंश राहिला तर दारू भिजते, आणि टोपी वाजूनही बार उडत नाही. भरण्याचा क्रमही ठरलेला असे. मापाने दारू, त्यावर चिंधीचा किंवा तागाचा बोळा, मग छर्रे अथवा एकच गोळी, पुन्हा बोळा. प्रत्येक थर गजाने ठासून. दारू व गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिल्यास नळी फुटण्याचा धोका असे. टोपी सर्वांत शेवटी, प्रत्यक्ष नेम धरण्याच्या वेळी. एवढे करून हाती येई तो एक बार, आणि त्यानंतर डोळ्यांपुढे पांढरा धूर. तो विरेपर्यंत कळप दूर गेलेला असे.

जागलीवरील शेतकऱ्याला बहुधा तेवढेच हवे असे. गोफणीने जे साधत नसे ते नुसत्या दारूच्या बाराने साधे.

कायदा आणि परवाना

१८५७ नंतर निःशस्त्रीकरणाचे धोरण आले आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने ते पक्के झाले. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झालेला वर्धा जिल्हा या काळात नवाच होता. परवाना कोणास मिळतो हा प्रश्न यापुढे हुद्द्याचा व वर्णाचा झाला. गोऱ्यांना असलेली मुभा पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांनी काढून घेतली गेली. महात्मा गांधींनी आत्मकथेत या कायद्याची गणना ब्रिटिश राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली आहे. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने असे लिहावे याचे अनेकांना नवल वाटते. पुढे सेवाग्राम ही कर्मभूमी झाल्यावर, १९४६ मध्ये, पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्यांना मारण्याचा प्रश्न ‘हरिजन’मधून चर्चिला गेला. शेती करणाऱ्याला अशी हिंसा पूर्णतः टाळता येत नाही, ही तेथील त्यांची भूमिका होती.

१९१२ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्याने प्रांतिक सरकारांना शिकारबंदीचा काळ ठरविण्याचा अधिकार दिला. ‘शिकारीचा हंगाम’ ही कायदेशीर कल्पना अशी रूढ झाली. परंतु शेतकऱ्याचा हंगाम त्यावर अवलंबून नव्हता. ज्वारीत दाणा भरला की तो सुरू होई आणि तुरीच्या कापणीबरोबर संपे.

स्वातंत्र्योत्तर काळात झालेला १९५९ चा शस्त्र कायदा या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. त्याच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तरच अन्य गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे ही बंदूक केवळ परंपरेने किंवा दारिद्र्याने टिकली हे मत अपुरे ठरते. ती मंदगती होती, एकबारी होती, म्हणूनच कायद्याने ती शेतकऱ्यासाठी निवडली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरिणांची शिकार त्याच दिवशी संपली, असे सरसकट लिहिले जाते. तेही अचूक नाही. मूळ कायद्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने रद्द झाली. तेव्हापासून हरिणांचा शिकारी हंगाम कायद्याच्या दृष्टीने उरला नाही. पीकरक्षणाचा बंदूक-परवाना मात्र कायम राहिला. बंदूक जवळ बाळगता येते, पण समोरच्या प्राण्यावर ती चालविण्यास वनखात्याची स्वतंत्र परवानगी लागते, अशी ही विचित्र स्थिती होय. २०१५ च्या शासन निर्णयाने रोही व रानडुक्कर यांच्याबाबत अशा परवानगीची पद्धत आखून दिली. चितळ त्यात नाही. आणि जंगलालगतच्या शेतात चितळांचे कळपही उतरतात.

आणखी एक बाब अभ्यासकांच्या नजरेतून सुटते. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांची शस्त्रे, छाननीत वगळलेली सोडून, पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २००४, २००९, २०१४ व २०१९ मध्ये ऑक्टोबरात आणि २०२४ मध्ये नोव्हेंबरात झाले. शेतात जागल लागण्याचे महिने तेच.