अंगुलिमुद्रांची आनुवंशिकता
बोटांच्या अग्रांवरील त्वचेत सूक्ष्म कंगोऱ्यांच्या ज्या आकृती असतात, त्या आईवडिलांकडून अपत्यांत कितपत उतरतात, हा प्रश्न अंगुलिमुद्रांच्या अभ्यासाइतकाच जुना आहे. या आकृतींचे कमान, पाश व चक्र असे तीन प्रमुख प्रकार मानतात. सामुद्रिकातील शंख-चक्रांची परंपरा आपल्याकडे प्राचीन असली, तरी तिचा रोख भविष्यकथनाकडे होता, वंशपरंपरेच्या मोजमापाकडे नव्हे.

यान पुर्किन्ये यांनी १८२३ मध्ये ब्रेस्लौ येथे नऊ प्रकारच्या आकृतींचे वर्णन केले. परंतु आनुवंशिकतेचा विचार आकडेवारीने प्रथम केला तो फ्रान्सिस गॉल्टन यांनी. १८९२ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी भावंडांच्या १०५ जोड्यांच्या उजव्या तर्जनीचे ठसे ताडून पाहिले. केवळ योगायोग असता, तर दोघांची आकृती एकाच प्रकारची असलेल्या जोड्या सुमारे ४५ भरल्या असत्या. प्रत्यक्षात ५७ भरल्या. फरक मोठा नव्हता, पण आनुवंशिकतेचा पुरावा म्हणून तो गॉल्टन यांना पुरेसा वाटला. ठशांवरून वंश व स्वभाव ओळखता येईल अशीही त्यांची अपेक्षा होती. ती मात्र फोल ठरली आणि तसे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले, ही गोष्ट त्यांच्या इतर काही मतांशी ताडून पाहण्याजोगी आहे.

पुढे मेंडेल यांच्या नियमांचा पुन्हा शोध लागल्यावर एखाद्या आकृतीमागे एखादेच प्रभावी जीन असावे, असे मानण्याकडे कल होता. तथापि आकृतीचे नाव हे मोजमाप नव्हे, ही अडचण होती. नॉर्वेतील क्रिस्टीने बोनव्ही यांनी १९२४ मध्ये कंगोऱ्यांच्या संख्येवर भर दिला. आकृतीच्या मध्यापासून तीन दिशांचे कंगोरे जेथे भेटतात त्या बिंदूपर्यंत रेषा कल्पून, ती जितके कंगोरे छेदते तितके मोजावयाचे, अशी ही पद्धत आहे. साध्या कमानीत ही संख्या शून्य येते. लंडनच्या गॉल्टन प्रयोगशाळेतील सेरा होल्ट यांनी दहाही बोटांच्या कंगोऱ्यांची बेरीज घेऊन कुटुंबांची तुलना केली. सहसंबंध गुणांक एकबीज जुळ्यांत ०·९५, भावंडांत ०·५०, आई अथवा वडील आणि अपत्य यांत ०·४८ आला; पतिपत्नींत तो जवळजवळ शून्य होता. अनेक जीनांच्या लहानलहान परिणामांची बेरीज होत असेल, तर असेच आकडे अपेक्षित असतात. होल्ट यांचा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला.

असे असूनही एकबीज जुळ्यांचे ठसे एक नसतात. गर्भाच्या बोटांवर प्रथम उंचवटे येतात व सुमारे दहाव्या आठवड्यानंतर त्यांवर कंगोरे उमटू लागतात. उंचवटा त्या वेळी ठळक असल्यास बहुधा चक्र, ओसरलेला असल्यास कमान तयार होते. उंचवट्याचा आकार आणि त्याची वाढ यांवर जीनांचा अंमल चालतो. कंगोरा नेमका कोठे फुटावा व कोठे संपावा, हे मात्र स्थानिक योगायोगावर राहते. म्हणून आकृती घराण्यात दिसते, तर बारकावे ज्याचे त्याचे असतात. गुन्हेतपासणीला उपयोगी पडतात ते हेच बारकावे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात आकृतीशी निगडित असे ४३ जीनस्थाने आढळली; त्यांत हातापायांच्या वाढीशी संबंधित जीनांचे प्रमाण लक्षणीय होते. कंगोरेच नसण्याची अत्यंत विरळ अवस्था मात्र एकाच जीनातील दोषामुळे उद्भवते. एका स्विस कुटुंबाच्या अभ्यासातून २०११ मध्ये तो दोष उघडकीस आला.

पितृत्वाच्या वादांत यूरोपातील काही न्यायालयांपुढे तज्ञांनी ठशांतील साम्य पुरावा म्हणून मांडले होते. हा पुरावा दुबळाच होता. आईवडील दोघांच्या बोटांवर पाश असताना मुलाच्या बोटावर चक्र येणे मुळीच असंभाव्य नाही, आणि तेवढ्यावरून एखाद्या स्त्रीच्या चारित्र्याविषयी शंका घेण्यास कोणताही आधार नव्हता. १९८५ मध्ये ब्रिटनमधील एका स्थलांतर-प्रकरणात डीएनए तपासणीने मुलाचे नाते सिद्ध झाले व या कामी अंगुलिमुद्रांचा आधार घेण्याचे कारण उरले नाही.